आधी ओझं सांगा

दादा इंजिन बंद करतो आणि आम्ही दारं उघडायच्या आत मिस्त्री मागच्या चाकापाशी उकिडवे बसलेले असतात. हातात ना पाना, ना बॅटरी. ते चाकामागून हात आत घालतात आणि डाव्या शॉकच्या नळकांड्याला बोटं टेकवतात. मग उठून पलीकडे जातात, उजव्याला हात लावतात. इथे हात जरा जास्त वेळ राहतो.

"डावा कोमट आहे, भाऊ. उजवा गार," ते दादाला सांगतात. "उजवा कामातनं गेलाय. डावाही फार दिवसांचा नाही."

आळेफाट्याची सकाळ आहे. पुणे–नाशिक आणि कल्याण–नगर हे दोन रस्ते इथे एकमेकांना छेदतात, म्हणून चारही दिशांना गॅरेजं, टायरवाले, पाटेवाले आणि स्पेअरपार्टची दुकानं लागलेली आहेत. जून लागलाय. अजून पाऊस नाही, पण माळशेजच्या बाजूला आभाळ भरून आलंय. आम्ही ओतूरच्या पलीकडच्या वस्तीवरून आलोय आणि सुरुवातीचा रस्ता म्हणजे नुसती उखडलेली खडी. एवढ्या वाटेवर धड शॉक तापायलाच हवा. पाटे दाबले जातात, सुटतात. दर वेळी शॉकमधला दट्ट्या तेलातून वरखाली होतो, तेल बारीक भोकांतून आणि झडपांतून रेटलं जातं आणि पाट्यांच्या हालचालीतला जोर त्या तेलात उष्णता होऊन जिरतो. शॉकचं काम एवढंच, पण ते दर खड्ड्याला करावं लागतं. नळकांडं गार लागलं याचा अर्थ तो जोर तिथे जिरलेलाच नाही. तो चासीत गेलाय, टायरमध्ये गेलाय, दादाच्या कमरेत गेलाय आणि मागे माल असता तर क्रेटमधल्या टोमॅटोत गेला असता.

पिकअप २००९ सालची आहे, महिंद्राची बोलेरो. रंग मूळचा पांढरा. हौद्याच्या पत्र्याला टोमॅटोच्या रसाचे जुने डाग, फाळक्याला कुलपाऐवजी तारेचा आकडा. हंगामात ही गाडी दादाच्या आणि शेजारच्या शेतांतला माल नारायणगावच्या टोमॅटो बाजारात नेते. जुन्नर बाजार समितीचं ते उपबाजार आवार इथून जवळच आहे. भाव पाहून कधी कधी ती रात्रीची माळशेज उतरून कल्याणला, नाही तर थेट वाशीला जाते. परत येताना बहुतेक वेळा रिकामी असते. पुढचे शॉक मागच्या हंगामात बदललेत. मिस्त्री तेही बघतात, नळकांड्यावरची धूळ बोटानं पुसतात. धूळ कोरडी आहे, बोटाला तेल लागत नाही. पुढचं काम राहू द्या, म्हणतात.

बाकड्यावर आपल्या टेम्पोची वाट बघत बसलेला एक ड्रायव्हर उठतो. फाळक्यावर दोन्ही हात ठेवून सगळा भार टाकतो आणि सोडतो. गाडी जेमतेम हलते आणि थांबते.

"शॉक तर चांगलेत की ओ, मिस्त्री. उगं खर्चात पाडताय पाव्हण्यांना."

मिस्त्री चिडत नाहीत. ते त्याला खाली बसवतात आणि पाटे दाखवतात. मोटारीचा कोपरा दाबून सोडला की ती किती वेळा हिंदकळते यावरून शॉकचा अंदाज येतो, ते खरं. पण मोटारीला मऊ स्प्रिंग असते. इथे एकावर एक पोलादी पाटे चढवलेत. रिकाम्या गाडीत ते माणसाच्या वजनाला दाद देत नाहीत, आणि थोडे हललेच तर एकमेकांवर घासून स्वतःच थांबतात. "तू दाबलंस ते पाटे थांबले, शॉक नाही," मिस्त्री म्हणतात. "आता टायर बघ."

उजव्या मागच्या टायरवर ते तळवा फिरवतात आणि मग माझा हात धरून माझ्याकडूनही फिरवून घेतात. रबर सगळीकडे सारखं झिजलेलं नाही. थोड्या थोड्या अंतरावर खोलगट वाट्या पडल्यात. बोटं उंचावर येतात, खाली जातात, पुन्हा उंचावर येतात. चाक रस्त्यावर दबून फिरत नाही, टप्पे घेत जातं; जिथे आपटतं तिथे रबर खरवडलं जातं. डोळ्यांना हे पटकन दिसत नाही, हाताला मात्र लगेच कळतं. मला त्या वाट्या हाताखाली जाणवतात आणि माळशेजचं वळण डोळ्यांपुढे येतं: ओला रस्ता, धुकं, मागे माल, आणि ब्रेक दाबल्या क्षणी जमिनीवरून उचललं गेलेलं एक चाक. जे चाक रस्त्याला टेकलेलं नाही त्याचा ब्रेक कितीही चांगला असो, उपयोग शून्य.

दादाचं मन आधीच ठरलेलं आहे. वाटेत तो मला तेच सांगत होता. कुणाच्या तरी जीपखाली त्याने जाडजूड, रंगीत, बाहेरून मागवलेले शॉक पाहिलेत.

"मिस्त्री, सगळ्यात जाड आन् सगळ्यात कडक असतील ते टाका. पैशाचं बघू. हंगाम सुरू झालाय, पुन्हा पुन्हा गाडी उभी करायला परवडत नाही."

मिस्त्री चिंधीला हात पुसतात. "शॉक मग बघू, भाऊ. आधी ओझं सांगा."

"असतात पन्नास-साठ क्रेट."

मिस्त्री उत्तर देत नाहीत. ते पाट्यांच्या चळतीकडे बोट दाखवतात. बाकी पाटे गंजून तपकिरी झालेत; मधला एक वेगळा आहे, काळा, कडांना अजून धार असलेला. तो नंतर घातलाय. "ही पन्नास क्रेटची चळत नाही," ते हळूच म्हणतात.

दादा जरा वेळ गप्प राहतो. मग खरं सांगतो. जादा पाटा दोन हंगामांपूर्वी टाकून घेतला. गर्दीच्या दिवसांत ऐंशी क्रेट असतात, कधी पंच्याऐंशीही. शेजारी म्हणतात आमचेही दहा घे, नाही म्हणवत नाही.

"आरसी आहे का गाडीत?"

आरसी निघते. मिस्त्री बाकड्यावर बसून त्यातले दोन आकडे शोधतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासकट मंजूर असलेलं वजन. खोक्याच्या पुठ्ठ्यावर खडूने वजाबाकी मांडतात. फरक साडेबाराशे किलो येतो. या साडेबाराशेत माणसंही आली. ड्रायव्हर आणि सोबतचा गडी मिळून दीडशे धरले तर अकराशे उरतात. टोमॅटोच्या क्रेटमध्ये माल २० किलो, आणि प्लास्टिकच्या क्रेटचं स्वतःचं वजन दीड-दोन किलो. म्हणजे बावीस धरायचे. अकराशे भागिले बावीस. पुठ्ठ्यावर ५० हा आकडा उमटतो. त्याच्या खाली ते पंच्याऐंशी गुणिले बावीस करतात: १,८७० किलो.

दोन्ही आकडे तिथेच राहतात. बाकड्यावरचा ड्रायव्हरही आता मान पुढे काढून बघतोय.

"मग त्याच्यासाठीच म्हणतो ना मी, कडक शॉक टाका," दादा म्हणतो.

मला वाटतं, सगळ्या कामाची किल्ली या एका वाक्यात आहे. दादाला वाटतंय शॉक ओझं उचलतो. रस्त्यावरच्या कित्येक गाडीवाल्यांना तसंच वाटतं, कारण ओझं वाढलं की गाडी आपटायला लागते आणि आपटायला लागली की माणूस शॉककडे बघतो. मिस्त्री खाली वाकून पाट्यांवर पाना वाजवतात. "ओझं हे उचलतात. शॉक एक किलोसुद्धा उचलत नाही. झोक्यावर पोर बसलंय समजा. पोराचं वजन दोरीवर. शॉक म्हणजे झोका थांबवायला पुढं केलेला हात. हात कितीही दणकट केला तरी दोरी तेवढीच राहणार."

मग ते पुढचा भाग सांगतात, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दादाने जादा पाटा घातला तेव्हा पाट्यांची कमान कडक झाली. कडक कमान दाबली गेली की परत फेकतेही जोरात. ती फेक आवरणं हे शॉकचं मुख्य काम. म्हणून बहुतेक शॉक दाबले जाताना सैल आणि उघडताना घट्ट बनवलेले असतात. कंपनीने शॉक ठरवला तो मूळच्या चळतीच्या फेकीचा हिशेब करून. चळत बदलली, शॉक तोच राहिला. तो दर खड्ड्याला हरत गेला आणि शेवटी गार पडला.

"आन् दुसरं," मिस्त्री म्हणतात आणि खिशातून टेप काढतात.

जुन्या शॉकचा वरचा डोळा चासीच्या ब्रॅकेटवर आहे, खालचा पाट्यांच्या प्लेटजवळच्या पिनेवर. टेपचं एक टोक ते वरच्या बोल्टच्या मध्यावर धरतात, दुसरं माझ्या हातात देऊन खालच्या बोल्टच्या मध्यावर लावायला सांगतात. गाडी रिकामी, चारही चाकं जमिनीवर. माप पुठ्ठ्यावर जातं. पोऱ्या दुकानातून त्याच जातीचा नवा शॉक आणतो. तो पूर्ण उघडून त्याच्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोजलं जातं. दोन मापांत इंचभराचाच फरक निघतो. जादा पाट्याने गाडीची मागची बाजू उचलली गेली आहे, त्यामुळे रिकाम्या गाडीत शॉक जवळजवळ पूर्ण ताणलेलाच असतो. चाक खड्ड्यात उतरलं की एका इंचात त्याची लांबी संपते. त्यानंतर चाकाचं आणि अॅक्सलच्या हाउसिंगचं सगळं वजन शॉकच्या दांड्याला लटकतं. दर परतीच्या फेरीला, दर खड्ड्याला. म्हणजे हा शॉक भरल्या गाडीत हरत होता आणि रिकाम्या गाडीत तुटत होता.

दादा टेपकडे बघतो, मग शॉककडे, मग पुन्हा टेपकडे. एवढा वेळ तो उभा होता. आता तो खाली बसतो.

गाडी जॅकवर चढते. मिस्त्री चासीखाली आधाराचे घोडे लावल्याशिवाय कुणाला आत जाऊ देत नाहीत. पोऱ्याने पाय आत घातला तर त्याला मागे ओढतात. उजवा खालचा नट गंजून जाम झालाय. तारेच्या ब्रशने आटे घासले जातात, गंज सोडवणारं तेल मारलं जातं, आणि चहा होईपर्यंत त्याला तसंच ठेवलं जातं. चहानंतर रिंग पान्यात पाइप अडकवून मिस्त्री जोर लावतात. नट आधी किंचाळतो, मग सुटतो.

दोन्ही जुने शॉक बाकड्यावर येतात. उजव्याच्या नळकांड्यावर तेल आणि माती मिळून जाड लेप बसलाय. दांड्यावर उभे ओरखडे आहेत. मिस्त्री सांगतात, नळकांड्याच्या वरच्या भागावर पुसटसा ओशटपणा असला तर घाबरायचं नाही, दांडा थोडं तेल बाहेर आणतोच. ओघळ दिसला की मात्र सील गेलं. ते शॉक उभा धरून दाबतात. दांडा सर्रकन आत जातो. वर ओढतात, तसाच मोकळा वर येतो, मध्ये एका जागी तेल थोडं अडतं आणि पुन्हा सोडतं. डाव्यात अजून थोडी ताकद आहे. पण दिशा बदलताना त्यातही एक पोकळ टप्पा लागतो, दांडा हलतो आणि काहीच अडवत नाही. पोऱ्या विचारतो, डावा ठेवायचा का? मिस्त्री मान हलवतात. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला अर्धमेला असला की वळणावर आणि ब्रेकला दोन चाकं दोन तऱ्हेनं वागतात. मागचे दोन्ही एकदम बदलायचे, पुढचे असतील तर पुढचे दोन्ही.

दुकान गॅरेजला लागूनच आहे. काउंटरवर शेठ एकेक खोका मांडतात आणि दादासमोर निवड उभी राहते.

पहिला शॉक खोक्यात नाहीच, वर्तमानपत्रात गुंडाळलेला आहे. जुना शॉक उघडून, सील आणि तेल बदलून, वरून काळा रंग मारलेला. नव्याच्या निम्म्या किमतीत. मिस्त्री दांडा पूर्ण बाहेर ओढतात आणि उजेडात फिरवतात. क्रोमवर बारीक खड्डे चमकतात. नवं सील या खड्ड्यांवरून वरखाली घासणार आणि थोड्याच दिवसांत फाटणार. ते शॉक पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळतात आणि बाजूला सारतात.

दुसरा, गाडीबरोबर मूळ आलेल्या जातीचा. नळीत नळी, आतल्या नळीत दट्ट्या, दोन नळ्यांच्या मधल्या जागेत जादा तेल आणि वर हवा. साधा, टिकाऊ. त्याची अडचण लांब खराब रस्त्यावर येते. दट्ट्या सतत वरखाली झाला की वरची हवा तेलात मिसळते, तेलाचा फेस होतो, आणि फेस भोकातून जाताना तेलासारखा अडत नाही. गार असताना कडक वाटणारा शॉक तास-दीड तासात ढिला पडतो.

तिसराही नळीत नळीच, पण हवेच्या जागी कमी दाबाचा नायट्रोजन भरलेला. दाबामुळे तेलात बुडबुडे लवकर धरत नाहीत, म्हणून लांबच्या वाटेवर पकड टिकते. या दांड्याला प्लास्टिकची पट्टी बांधून तो दाबून ठेवलाय. शेठ पट्टी कापतात आणि दांडा कुणी न ओढता सावकाश वर येतो. दादा पहिल्यांदाच हसतो.

चौथा खोका शेठ कपाटातून काढतात. दादाने जीपखाली पाहिला होता तोच प्रकार. एकच जाड नळी, आत तेल, खाली सरकत्या दट्ट्याआड जास्त दाबाचा नायट्रोजन. तेल आणि वायू वेगळे, त्यामुळे फेसाचा प्रश्नच नाही, आणि एकच भिंत असल्याने उष्णताही लवकर बाहेर पडते. ही रचना क्रिस्तियाँ बूर्सिए द कार्बोन या फ्रेंच संशोधकाची. १९५०च्या दशकात जर्मनीच्या बिलस्टाइन कंपनीने ती मर्सिडीज-बेंझच्या मोटारींसाठी बनवायला घेतली. दादा तो हातात घेतो, वजन जोखतो. मन त्याच्यावरच आहे हे दिसतं.

मिस्त्री विरोध करत नाहीत. ते विचारतात, "शेतात उतरता तिथं दगड असतात का?"

"असणारच की. नांगरटीतनं गाडी बांधाला लावावी लागते."

"मग बघा. यात दट्ट्या थेट या बाहेरच्या नळीतच फिरतो. दगड लागून हिला पोचा पडला की दट्ट्या तिथं अडकला, शॉक संपला. नळीत नळी असती तर बाहेरच्या नळीला पोचा पडला तरी आतली बऱ्याचदा शाबूत राहते."

दादा तो जाड शॉक काउंटरवर ठेवतो. कुणी त्याला हरवलेलं नाही. प्रश्नाचं उत्तर त्याच्याच तोंडून आलंय. मी मिस्त्रींची विचारण्याची रीत बघत राहतो. त्यांनी एकदाही चांगला कोणता असं विचारलेलं नाही, गाडी काय काम करते तेवढंच विचारत आलेत. ओझं किती, रिकामी किती धावते, रस्ता डांबरी की बांधाकडचा, घाट आहे का, तास किती. उत्तरं खरी आली की निवड आपोआप अरुंद होत जाते. जास्त पैसे असलेल्या माणसालाही चुकीचा शॉक मिळू शकतो, आणि बेताचे पैसे असलेल्यालाही खरं सांगितलं तर बरोबर शॉक मिळतो. हे मला आज इथे उभं राहून कळतंय, आणि ते सगळ्या गाडीवाल्यांना कळायला हवं असं मनापासून वाटतंय.

तिसराच ठरतो. पण मिस्त्री लगेच पैसे देऊ देत नाहीत. नावाजलेल्या कंपन्यांच्या खोक्यात भलताच माल भरून विकणारे लोक आहेत, म्हणून ते खोका उजेडात धरतात. छपाई फिकी आहे का, पार्ट नंबर खोक्यावर आणि नळकांड्यावर एकच आहे का, किंमत आणि महिन्याचं लेबल मूळचं आहे की वरून चिकटवलेलं, डोळ्याचं वेल्डिंग एकसारखं आहे का. जोडीतले दोन्ही शॉक दोन हातांत घेऊन वजन सारखं आहे का ते जोखतात. मग बिल मागतात, पक्कं, पार्ट नंबर लिहिलेलं. याच पुणे–नाशिक रस्त्यावर चाकणजवळ कुरुळीला गॅब्रिएल इंडियाचा कारखाना आहे; १९६१ पासून ही कंपनी देशात शॉक बनवते. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, नाशिकला, बोलेरो बनते. खरा माल मिळवायला इथल्या माणसाला लांब जावं लागत नाही, नीट बघून घ्यावं लागतं.

काउंटरवरून परत येताना दादा मुद्द्याचं बोलतो. "शॉक घेतला. पण लांबी तर तीच. इंचभराचं काय?"

"दोन रस्ते आहेत," मिस्त्री म्हणतात. "एक, लांब शॉक शोधायचा. तो रिकाम्या गाडीत चालेल. पण तुम्ही पंच्याऐंशी क्रेट भरले की चळत खाली बसेल, बंपाचं रबर टेकायच्या आधी लांब शॉक आत मिटून जाईल, आन् दांडा आतून बूड फोडेल. दुसरा रस्ता, जादा पाटा काढायचा. गाडी मूळ उंचीवर येईल, शॉक मधोमध बसेल, वर-खाली दोन्हीकडं जागा राहील."

"पाटा काढला तर पंच्याऐंशी कसे जातील?"

"नाही जाणार."

दादा रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो. त्याचा हिशेब मला ठाऊक आहे. पन्नासच क्रेट न्यायचे तर तेवढाच माल हलवायला जास्त फेऱ्या, जास्त डिझेल, जास्त झोपमोड. टोमॅटोचा भाव एका आठवड्यात कुठून कुठे जातो. चढ्या भावाच्या रात्री पस्तीस क्रेट मागे ठेवणं सोपं नाही. शेतकऱ्याला ओझं कमी कर असं सांगणाऱ्याने हे विसरू नये. पण हिशेबाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती मी त्याला म्हणून दाखवतो. खालच्या थरातले क्रेट फुटतात ते तोट्यात. वाट्या पडलेलं टायर तोट्यात. मोडलेला पाटा, चिरलेलं ब्रॅकेट, घाटात उभी राहिलेली गाडी तोट्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली, २०१९च्या दुरुस्तीनंतर, जादा ओझ्याला २०,००० रुपये दंड आहे, शिवाय वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये, आणि जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही आपलाच. या सगळ्याच्या वर, माळशेजच्या उतारावर खाली कुणीतरी दुचाकीवर घरी निघालेलं असतं. ते कुठल्याच पुठ्ठ्यावर मांडता येत नाही.

दादा वळतो. "काढा पाटा," एवढंच म्हणतो.

शेजारच्या पाटेवाल्याकडे काम जातं. यू-बोल्ट सुटतात, सेंटर बोल्ट निघतो, चळत उघडते. काळा पाटा बाहेर येतो आणि बाकीचे पाटे डिझेलने धुऊन पुन्हा रचले जातात. जुने यू-बोल्ट ताणले गेलेत, म्हणून नवे पडतात. चासीच्या ब्रॅकेटपाशी मिस्त्री बॅटरी मारून वेल्डिंग बारकाईने बघतात. चीर नाही. ते मान डोलावतात.

नवे शॉक बसवण्याआधी ते प्रत्येक शॉक उभा धरतात, दांडा वर, आणि पूर्ण दाबून पूर्ण उघडतात, पुन्हा, पुन्हा. खोक्यात आडवा पडून राहिल्याने आतल्या नळीत वायू शिरलेला असतो; तो असा काढावा लागतो. सुरुवातीला मध्ये एक सैल टप्पा लागतो, मग तो नाहीसा होतो आणि दांडा दोन्ही दिशांना एकसारखा अडू लागतो. मिस्त्री मलाही दाबून बघायला देतात. दाबताना तो वाट देतो, ओढताना मात्र दोन्ही खांदे लावावे लागतात. परतीची फेक आवरण्याची ताकद ती हीच.

नव्या रबरी बुशांसकट शॉक चढतात. पण नट हातानेच टेकवलेत, आवळलेले नाहीत. गाडी जॅकवरून खाली येते, चाकांवर उभी राहते, आणि तेव्हाच मिस्त्री पाना घेऊन आत सरकतात. चाकं लोंबकळत असताना नट आवळला तर बुश त्या स्थितीत पकडलं जातं आणि गाडी खाली येताच पिळलेलंच राहतं. मग थोड्याच दिवसांत फाटतं. हे त्यांनी पोऱ्याला आधीही सांगितलं असणार, कारण मिस्त्री विचारायच्या आत तोच म्हणतो, "वजनावर आवळायचं."

टेप पुन्हा लागतो. आता रिकाम्या गाडीत शॉकला उघडायला पुरेशी जागा आहे.

आम्ही तिघं गाडीत बसतो. मिस्त्री दादालाच चालवायला सांगतात आणि उखडलेल्या तुकड्यावर नेतात. गाडी मऊ झालेली नाही. रिकाम्या पिकअपचे पाटे कडकच असतात आणि धक्का बसतोच. फरक धक्क्यानंतर आहे. गतिरोधकावरून मागची चाकं उतरतात, एकदा खाली जातात, वर येतात आणि बसतात. पूर्वी तीन हिसके बसायचे. वळणावर दादा सवयीने स्टिअरिंग आधीच सावरायला जातो आणि थांबतो, कारण मागची बाजू लोटत नाही. तो मुद्दाम ब्रेक दाबतो. चारही चाकं एकदम धरतात.

गॅरेजवर परतल्यावर मिस्त्री बिलाच्या मागे आजची तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहितात. पाचशे किलोमीटर झाले की यायचं, नवे यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यायचे, त्याचे पैसे नाहीत. काढलेला काळा पाटा ते दादाच्या हवाली करतात. दादा तो पाटेवाल्यालाच भंगाराच्या भावाने देऊन टाकतो.

मग तो वस्तीवर फोन लावतो. आज रात्री कल्याणची फेरी आहे. तोडणी दुपारपासून चालू असणार. पलीकडून वहिनी विचारतात, किती क्रेट बांधावर आणून ठेवू.

"पन्नास," दादा म्हणतो. "उरलेले सकाळी नारायणगावला टाकू. शेजारच्यांना सांग, आज जागा नाही."

पलीकडून काहीतरी प्रश्न येतो. दादा ऐकून घेतो आणि सावकाश, एकेक आकडा सुटा करून, पुठ्ठ्यावरचा हिशेब त्यांना वाचून दाखवायला लागतो.